पाणसळ

मदेरा बेट खाली ढगांत गेल्यावर
बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाणसळ काढली.
वीतभर लांब, पितळी कडांची,
लंडनच्या तपासणीत तिघांनी उलटसुलट करून परत दिलेली.
घडीच्या टेबलावर त्यांचा भरवसा नव्हता.
गुडघ्याला एक वेल्श शिवी देत ते वाकले
आणि मधल्या वाटेत, जमिनीवरच, ती टेकवली.

बुडबुडा वैमानिकाकडे सरकला
आणि रेघ ओलांडून बसला.

"मेरेरिद, यांची जमीन वाकडी आहे."

बाबा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.
पन्नास वर्षं दारं, जिने, शवपेट्या,
एका अख्ख्या प्रार्थनाघराचे बाक.
ओळंब्यात नाही ती भिंत खोटी,
गुण्यात नाही तो माणूसही.
आणि मी डी नदीकाठच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं पंख जोडते, हे त्यांनी
"मेरेरिद पत्र्याचं काम करते" एवढ्यावर मिटवलेलं.

म्हटलं, बाबा, विमान नाकासमोर चालत नाही.
नाक जरासं वर, वाट मात्र सपाट.
हवा समोरून येते,
पंखाला तिच्यापुढे थोडं कपाळ उचलून धरावं लागतं.
तेव्हा ती खाली वळते,
आणि तिला खाली वळवता वळवता पंख वर राहतो.

"मग पंखच तेवढा तिरका बसवा.
जमिनीला कशाला त्रास?"

सुताराचा प्रश्न. खरा प्रश्न.
बसवलाय, म्हटलं, तिरकाच बसवलाय.
पण एक वजन, एक वेग धरून बेतलेला.
आत्ता त्याच पंखांच्या पोटात कित्येक टन तेल आहे,
उद्या सकाळी नसेल.
प्रत्येक तासाला वेगळं माप, आणि कोट एकच.

ते गप्प. पटलं नव्हतं.

आठवतं, बालाच्या घाटात तुमच्या व्हॅनमधून
मी हात बाहेर काढायचे?
तळहात थोडा तिरपा केला की
खांद्यापासून उचलला जायचा.
तुम्ही ओरडायचात, हात आत घे.
मी पंख तिथे शिकले.

"त्या दाराचा रंग तुझ्या कोपराने गेला,"
बाबा म्हणाले.

एवढ्यात जेवणाची गाडी आली.
ढकलणाऱ्या बाईच्या छातीवर नोएमी असं नाव.
बाबांनी पाणसळ उचलून वाट दिली
आणि थेट विचारलं, चढ लागतो का?
ती हसली. "पुढे नेताना चढ, मागे येताना उतार.
एकवीस वर्षं झाली.
माझ्या डाव्या पोटरीला विचारा."
माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा
त्या पोटरीवर त्यांचा विश्वास बसला.

रात्रभर झोपले नाहीत.
दर तासाला वाकायचे, बघायचे,
कानामागची पेन्सिल काढून कागदी रुमालावर रेघ मारायचे.
विषुववृत्तापाशी बुडबुडा केसभर मागे आला होता.
"तेल जळतंय," मला हलवून जागं करत म्हणाले,
जणू त्यांनीच जाळलं.
मग विमान आणखी वर, पातळ हवेत चढलं,
सपाट झालं,
तरी बुडबुडा पुन्हा पुढेच.
रुमालावर त्या जागी
त्यांनी एक रागीट फुली मारली.
चहा कपात शेपटीच्या बाजूला जास्त होता.
तोही त्यांनी मोजला, बोटाने.

गैमानला चौथ्या दिवशी
ज्यासाठी आलो ते दार बघायला गेलो.
शंभर वर्षांपूर्वी वेल्सहून आलेल्यांनी बसवलेलं,
आता लागत नाही म्हणून मंडळी हैराण.
बाबांनी उंबऱ्यावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा बाजूला.
मी वाट पाहत होते त्या वाक्याची,
"वाकडं आहे."

ते बराच वेळ चौकटीवर हात फिरवत राहिले.
मग बाहेर पाहिलं, पिवळ्या दरीकडे,
एकाच दिशेला कललेल्या पॉप्लरच्या रांगेकडे,
आणि किल्ली घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं,
"इथे वारा कुठून येतो?"

रंधा नंतर मारलाच.
पण आधी विचारलं.